सेवेसाठीं परदेशगमन : कोणाचें दान, कोणाला ओझें ?

सध्यां आमच्या मुलुंडांत दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या कीं घरोघरीं एक नवा विषय निघतो. पूर्वीं या दिवसांत आजोळीं कोणी कधीं जावयाचें, आंब्याची अढी कोणी घालावयाची, यावर बोलणें चाले. आतां बैठकीच्या खोलींत निराळींच माहितीपत्रकें पसरलेलीं दिसतात. नेपाळांत तीन आठवडे शाळेंत शिकवावयाचें, कंबोडियांत अनाथ मुलांची सेवा करावयाची, आफ्रिकेंतील एखाद्या खेड्यांत घर बांधावयाचें ! जाण्यायेण्याचें भाडें वेगळें आणि सेवा करण्याची फी वेगळी. फी भरून सेवा करावयाची ही कल्पना आमच्या पिढीस चमत्कारिक वाटते. परंतु चमत्कारिक वाटणारी प्रत्येक गोष्ट वाईटच असते असें नाहीं. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

या विषयावर घरांत बहुधा तीन मतें पडतात. आजोबांचें मत असें कीं, ज्यानें घरच्या आजीला कधीं उठून पाण्याचा पेला दिला नाहीं, त्यानें समुद्रापलीकडच्या आजीची सेवा करावयास जाणें हा एक विनोद आहे. वडिलांचें मत असें कीं, पुढें परदेशांतील विद्यापीठाकडे अर्ज करतांना अशा कामाचा उल्लेख उपयोगीं पडतो; तेव्हां खर्च झाला तरी तो वायां जात नाहीं. आणि मुलाचें किंवा मुलीचें म्हणणें अगदीं सरळ असतें : जगांत इतकें दुःख आहे, आपण कांहीं तरी केलें पाहिजे. या तिघांत आम्हांस मुलांचेंच म्हणणें सर्वांत मोलाचें वाटतें. सोळाव्या-सतराव्या वर्षीं मनांत उठलेली ही ऊर्मि वडील माणसांनीं थट्टेनें मारली, तर ती पुन्हां उठेलच असा नेम नाहीं. पण ती भलत्या वाटेला लागली, तर ज्यांच्या कळवळ्यानें ती उठली, त्यांनाच ती जाचक होते. प्रश्न नाजूक आहे तो यासाठीं.

परदेशीं सेवेस जाण्याचें एक अत्यंत उज्ज्वल उदाहरण महाराष्ट्राच्याच घरचें आहे. डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूरास १० ऑक्टोबर १९१० रोजीं झाला. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. १९३७ सालीं जपाननें चीनवर मोठी चढाई केली, तेव्हां चिनी सेनापति चू तेह यांनीं पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साह्याची मागणी केली. १९३८ सालीं राष्ट्रसभेचे अध्यक्ष असलेले सुभाषचंद्र बोस यांनीं देशाला आवाहन केलें, लोकांनीं निधि जमविला, आणि पांच डॉक्टरांचें पथक सिद्ध झालें. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे सहकारी. आणि त्यांच्याबरोबर सत्तावीस वर्षांचे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्यें हें पथक मुंबईच्या बंदरांतून निघालें.

१९३९ च्या आरंभीं तें येनानला पोंचलें. चीनमध्यें असतांनाच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. एकत्र कुटुंबांतील मुलाला अशा वेळीं घर किती ओढतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तरीही हातीं घेतलेलें काम अर्धें टाकून ते परतले नाहींत. पथकांतील इतर सहकारी प्रकृतीच्या व अन्य कारणांनीं क्रमाक्रमानें स्वदेशीं आले. त्यांत त्यांना कमीपणा मुळींच नाहीं. कोटणीस मात्र चिनी भाषा शिकले, आघाडीवरील जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले, आणि १९४१ सालीं बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तेथील परिचारिका क्वो चिंग-लान यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टांत पुत्र झाला. त्याच्या नांवांत भारत आणि चीन या दोन्ही देशांचीं नांवें गुंफिलेलीं होतीं. त्याच वर्षीं ९ डिसेंबरला अपस्माराच्या विकारानें कोटणीसांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें बत्तीस होतें. व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं त्यांच्या जीवनावर बोलपट काढला, आणि हें नांव घराघरांत पोंचलें.

हें चरित्र आम्हीं येथें सांगितलें तें केवळ अभिमानासाठीं नव्हे. त्यांतून परदेशच्या सेवेचीं मापें हातीं लागतात. पहिलें माप हें कीं, त्यांना बोलावणें होतें. ज्यांना गरज होती त्यांनीं स्वतः मागणी केली होती. दुसरें, जें मागितलें गेलें तें त्यांच्यापाशीं होतें. ते शिकलेले डॉक्टर होते. तिसरें, तेथील माणसांची भाषा त्यांनीं आपलीशी केली. चौथें, काम संपण्याआधीं त्यांनीं निरोप घेतला नाहीं. आणि पांचवें, या सेवेची किंमत त्यांनीं स्वतः दिली. ती ज्यांची सेवा केली त्यांच्या माथीं मारली नाहीं. प्रत्येकानें कोटणीस व्हावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गजभर कापड मोजावयाचें झालें तरी गज सरळच हवा.

आतां हीं मापें आजच्या माहितीपत्रकांना लावून पाहूं. घर बांधण्याचें काम घ्या. उद्यां मुलुंडांत आपल्या सोसायटीची भिंत बांधावयाची असेल, तर हातांत कधीं थापी न धरलेल्या, ओळंबा म्हणजे काय हें ठाऊक नसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला आपण परांचीवर चढवूं काय ? आपल्या भिंतीसाठीं जो चालणार नाहीं, तो आफ्रिकेंतील शेतकऱ्याच्या भिंतीसाठीं कसा चालतो ? शिवाय त्या खेड्यांतही गवंडी असतो, त्यालाही पोरेंबाळें असतात. आपल्या मुलाच्या विमानभाड्यांत त्या गवंड्याची कित्येक महिन्यांची मजुरी निघाली असती.

शिकविण्याचें तसेंच. आमची सारी हयात वर्गांत गेली. म्हणून येथें थोडें अधिकारानें बोलतों. नव्या वर्गांतील मुलांचीं नांवें नीट लक्षांत यावयास पंधरा दिवस लागतात, आणि कोणतें मूल कोठें अडतें हें कळावयास सहामाही उलटते. दर तीन आठवड्यांनीं नवा पाहुणा शिक्षक आला, तर प्रत्येक जण मुळाक्षरांपासून व त्याच चार गाण्यांपासून आरंभ करणार. पाहुण्याला दर वेळीं नवा आनंद होतो. वर्ग मात्र जागच्या जागीं राहतो.

सर्वांत गंभीर गोष्ट अनाथालयांची. कंबोडियांत सरकार व युनिसेफ यांनीं केलेल्या व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं, अशा संस्थांत राहणाऱ्या सुमारें तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील यांपैकीं कोणी तरी हयात होतें. मग हीं मुलें अनाथ कशीं झालीं ? पैसे घेऊन सेवेस येणारे परदेशी पाहुणे वाढले, तशीं त्यांना दाखविण्यासाठीं मुलें लागूं लागलीं, आणि दारिद्र्यानें गांजलेल्या आईबापांना शिक्षणाचें आमिष दाखवून तीं घरांतून काढण्यांत आलीं, असे प्रकार उघडकीस आले आहेत. ऑस्ट्रेलियानें २०१८ सालीं गुलामगिरीविरोधी कायदा करतांना या व्यापाराचाही विचार केला. २०१९ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें बालहक्कांवरील ठरावांत अशा स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली. ज्या मुलाला आपण कडेवर घेऊन छायाचित्र काढलें, तें मूल आपल्याच येण्यामुळें आईपासून तुटलें असेल, तर त्या सेवेला नांव काय द्यावें ?

आणि बरें, छायाचित्राचाच प्रश्न घ्या. आपल्या देशांत २०१५ च्या बालन्याय कायद्यानें संरक्षणाखालील बालकाची ओळख पटेल असें चित्र प्रसिद्ध करणें हा गुन्हा ठरविला आहे. कोणा परकीयानें येऊन आपल्याकडच्या बालगृहांतील लेकरांचीं चित्रें जगभर मिरविलीं, तर आपणांस संताप येईल. मग आपल्या मुलानें परमुलुखांत जाऊन तेंच केलें, तर त्याचें कौतुक कसें करावें ? आपल्याला जें सोसवणार नाहीं तें दुसऱ्याला करूं नये, हा धर्म सीमेपाशीं थांबत नाहीं.

आमच्या शास्त्रकारांनीं दानाला देश, काल व पात्र यांची अट घातली. पात्र म्हणजे घेणारा, असा सामान्य अर्थ आपण करतों. परंतु सेवेंत एक विशेष आहे : तेथें दाता स्वतःलाच देत असतो, म्हणजे दाता हीच दानवस्तु होते. दान दिलेली गाय भाकड असूं नये, धान्य किडकें असूं नये, इतकी काळजी ज्यांनीं वाहिली, त्यांनीं सेवेला निघालेल्या तरुणाला 'तूं काय घेऊन चालला आहेस ?' असें विचारलेंच असतें. तैत्तिरीय उपनिषदांत अध्ययन संपवून घरीं निघालेल्या शिष्याला गुरु जो उपदेश करतो, त्यांत दान कसें द्यावें याचाही विचार आहे. आणि तेथें श्रद्धेबरोबर लज्जेचाही उल्लेख आहे. देतांना लाजावयाचें कशासाठीं ? आपल्याजवळ आहे व समोरच्याजवळ नाहीं, या विषमतेची ती लाज होय, असें आम्हांस वाटतें. ती लाज ज्याच्या मनांत आहे, तो आपल्या सेवेचीं चित्रें भिंतीवर टांगणार नाहीं.

पाश्चात्य देशांतही हा विचार नवा नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींत मेक्सिकोंत सेवा करावयास जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर इव्हान इलिच या विचारवंतानें १९६८ सालीं व्याख्यान दिलें, तें फार कडक होतें. त्याचें सार असें कीं, तुम्ही पाहावयास या, शिकावयास या, परंतु उपकार करावयास येऊं नका. हें बोलणें तरुणांच्या जिव्हारीं लागावें असेंच होतें. आम्हांस त्यांतील कडकपणा सर्वस्वीं मान्य नाहीं. कारण कोटणीसांसारखा माणूस त्यानें खोटा ठरतो. पण 'शिकावयास या' हा भाग लाखमोलाचा आहे.

त्याचें प्रत्यक्ष रूप आपल्या महाराष्ट्रांत पाहावयास मिळतें. जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें कार्य सुरू केलें. खेड्यांतील, बहुधा निरक्षर, अशा बायकांना शिकवून त्यांनीं आरोग्यसेविका तयार केल्या. बाळंतपण, बालकांचें पोषण, स्वच्छ पाणी हीं कामें त्या बायकांनीं गांवोगांवीं अंगावर घेतलीं. पुढें देशोदेशींचे विद्यार्थी आणि वैद्यकीय कार्यकर्ते तेथें येऊं लागले. ते आले ते सेवक म्हणून नव्हे, तर शिष्य म्हणून. आणि ज्यांना जग अडाणी म्हणे, अशा बायका त्यांच्या गुरु झाल्या. दूरदेशीं गेलेल्या विद्यार्थ्यास याहून चांगली भूमिका कोणती ?

कोणी म्हणेल, मग घरीं बसून काय करावें ? मुलुंडच्या पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे व त्याच्या पायथ्याशीं आदिवासींचे पाडे आहेत. पूर्वेस मिठागरें आणि खाडी आहे. शहराचा कचरा कित्येक वर्षें याच पूर्वेच्या अंगाला पडत होता. २०१८ सालीं तें क्षेपणस्थान बंद झालें, पण कचरा वेंचून पोट भरणारीं माणसें नाहींशीं झालीं नाहींत. १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना महाविद्यालयांतून चालू आहे. तींत विद्यार्थ्यानें दोन वर्षांत २४० तास काम करावयाचें असतें. पाड्यांतल्या एकाच मुलाला दोन वर्षें, दर शनिवारीं, गणित शिकविणें हें काम दिसावयास लहान आहे. परंतु तें करतांना आपण एक शनिवार चुकलों तर दाराशीं कोण वाट पाहतें, हें समजतें. ही समज विमानानें मिळत नाहीं.

तथापि परदेश पाहूंच नये, असें आमचें सांगणें नाहीं. ज्या घरांतील पोरें-नातवंडें आज सिंगापूर व सिऍटलपर्यंत पसरलीं आहेत, त्या घरानें समुद्रोल्लंघनाचा निषेध करणें हास्यास्पद होईल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पत्रक हातीं आल्यावर घरांतील सर्वांनीं एकत्र बसून कांहीं प्रश्न विचारावेत. तेथें बोलावलें कोणी, गांवानें कीं कंपनीनें ? जें काम करावयाचें तें आपल्या देशांत या मुलाला कोणी करूं देईल काय ? भरलेल्या पैशांपैकीं गांवाच्या हातीं किती पडणार ? या कामानें कोणाची मजुरी किंवा कोणाचें मूल हिरावलें जात नाहीं ना ? लहान मुलांच्या संस्थेंत थोड्या दिवसांसाठीं जावयाचें असेल, तर उत्तर बहुधा 'नको' हेंच असावें. बाकीच्या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं तर मुलाला खुशाल पाठवावें. नसलीं, तर त्याच देशांत त्याला विद्यार्थी म्हणून पाठवावें, आणि वाचलेली फी एखाद्या विश्वासू स्थानिक संस्थेस निमूटपणें धाडावी.

आणि मूल परत आल्यावर 'किती जणांची सेवा केलीस ?' असें त्याला विचारूं नये. तेथील भाषेंतले किती शब्द आले, कोणापासून काय शिकलास, आणि आल्यापासून त्यांना पत्र लिहिलेंस कीं नाहीं, एवढें विचारावें.