गाण्याचं कव्हर (लेखांक ५) : पाचगणीतला चित्रकार गायक

गेल्या खेपेला आपण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डचं पाकीट पाहिलं. साधा कागद, मधोमध भोक, भोकातून दिसणारं लेबल. आपल्या शेजारच्या गंगूबाई हनगलांची गाणी सुरुवातीला ‘गांधारी’ या नावाने निघाली, तीही अशाच पाकिटांत. गायिकेचा चेहराच नाही, मग गाण्यातला तिचा भाव कुठून दिसणार? एलपी आली, पाकीट फूटभर रुंद झालं आणि चित्राला जागा मिळाली.

त्या जागेवर आपला हक्क सांगणारा एक मुलगा आपल्याच रस्त्यावर शिकला. आपल्या उचगावहून बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सातारा, वाई करत पसरणीचा घाट चढलात की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत झांझिबारचा फारुख बलसारा होता. त्याच शाळेत त्याने मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. पुढे लंडनच्या ईलिंग कॉलेजात तो ग्राफिक कला शिकला आणि फ्रेडी मर्क्युरी झाला.

त्याच्या ‘क्वीन’ या चौघांच्या बँडची मुद्रा त्याने स्वतः काढली, प्रत्येकाच्या राशीवरून. दोन सिंह म्हणजे जॉन डीकन आणि रॉजर टेलर, खेकडा म्हणजे ब्रायन मे, दोन पऱ्या म्हणजे कन्या राशीचा तो स्वतः. (राशी सूर्यावरून घेतलेल्या, आपल्या पंचांगाशी ताडू नका.) वर पंख पसरलेला फिनिक्स. १९७५ च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’च्या पांढऱ्या कव्हरवर हीच मुद्रा आहे, चौघांपैकी एकाचाही फोटो नाही.

माझ्या मते क्वीनची कव्हरं गाण्याच्या भावापेक्षा चौघांतला हिशेब जास्त सांगतात. १९७४ चं ‘क्वीन टू’ घ्या. मिक रॉकने काढलेल्या फोटोत काळोखात चार चेहरे, छातीवर हातांची फुली केलेला मर्क्युरी. कल्पना अभिनेत्री मार्लीन डीट्रिचच्या एका जुन्या छायाचित्रावरून उचललेली. कव्हर उघडलं की आत तेच चौघं पांढऱ्या कपड्यांत. रेकॉर्डच्या बाजूंची नावंही ‘पांढरी’ आणि ‘काळी’. पांढऱ्या बाजूची पाचपैकी चार गाणी मे यांची, काळी सगळी मर्क्युरीची. दर्शनी बाजूला काळं, हे ध्यानात घ्या. पुढच्या वर्षी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या चित्रफितीत हीच चेहऱ्यांची मांडणी पुन्हा आली, आणि जगाला क्वीन याच रूपात ठाऊक झाली.

१९८९ च्या ‘द मिरॅकल’वर हिशेब बदललेला दिसतो. रिचर्ड ग्रे यांनी चार चेहरे एकमेकांत मिसळले आहेत, एकाचा डोळा कुठे संपतो ते कळत नाही. त्या अल्बमवर गाण्यांखाली एकेकट्याची नावं नाहीत, फक्त ‘क्वीन’. चित्र म्हणून मला ते ओबडधोबड वाटतं, पण प्रामाणिक आहे.

तेव्हा घरात जुनी एलपी असेल, तर चित्राचा अर्थ लावण्याआधी मागच्या बाजूची गीतकारांची नावं वाचा. पुढच्या आठवड्यात १९७७ च्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’वरचा यंत्रमानव, तो १९५३ च्या एका विज्ञानकथा मासिकातून तिथे आला आहे.