पुढे शिकायला पैसे लागत नाहीत, उलट मिळतात! बायोमेकॅनिक्सच्या प्रयोगशाळेची वाट आपल्या पोरांसाठीही

यवतमाळ : बीई झालेल्या पोरानं पुढं शिकायचा विषय काढला की घरून एकच प्रश्न येतो, "आता शिकाले अजून पैसा कुठून आणू?" चार वर्षांची फी, खोलीभाडं, मेस आणि त्यात कापसाचे भाव. बापाचा प्रश्न चुकीचा नाही. पण संशोधनाच्या शिक्षणाला तो लागू होत नाही, हे आपल्या तालुक्यांत फार थोड्या घरांना ठाऊक आहे. आयआयटी, एनआयटीसारख्या सरकारी संस्थांत पूर्णवेळ पीएचडी करणाऱ्याला फेलोशिप मिळाली की दरमहा खात्यात पैसे जमा होतात.

आज एकाच विषयाबद्दल बोलू, बायोमेकॅनिक्स. मराठीत जैवयांत्रिकी. शरीराकडे यंत्र म्हणून पाहणारं शास्त्र. हाडावर किती भार येतो, गुडघा कसा झिजतो, चालताना तोल कुठे जातो, हे मोजायचं. प्रयोगशाळेत अंगावर खुणा चिकटवून कॅमेऱ्यांसमोर माणसाला चालवतात. जमिनीत बसवलेली पट्टी पावलाचा जोर मोजते, स्नायूंवरचे सेन्सर त्यांचं काम टिपतात. मग संगणकावर सांध्यांचं गणित.

हे दूरचं वाटतं, पण पाहा. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की पाठीवर १६ किलोपेक्षा जास्त ओझं. ते घेऊन ढेकळांतून चालायचं. वेचणीला बाया दिवसभर कमरेत वाकतात आणि कापसाची ओटी जड होत जाते. या कंबरदुखीचं मोजमाप करून पंपाचे पट्टे, ओटीची बांधणी सुधारणं हासुद्धा संशोधनाचाच विषय आहे. आपल्या भागातल्या सिकलसेलमध्ये लाल पेशी ताठर होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तो ताठरपणा मोजणं हेही बायोमेकॅनिक्सच. ज्यानं हे घरात पाहिलंय, त्याच्याकडे मुंबईच्या पोराकडे नसलेली एक गोष्ट आहे, असं आम्हाला वाटतं.

महाराष्ट्रात या कामाचं मोठं ठिकाण म्हणजे पवईची आयआयटी मुंबई. तिथं बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभाग आहे. शिवाय वैद्यकीय उपकरणं घडवणारं 'बेटिक' केंद्र आहे. राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशातून ते २०१४ मध्ये उभं राहिलं, आणि त्याची शाखा आपल्या जवळच्या नागपूरला, व्हीएनआयटीत काढली गेली. बाहेर पाहायचं तर आयआयटी मद्रासचं आर-टू-डी-टू केंद्र. तिथं तयार झालेला 'कदम' हा कृत्रिम गुडघा २०२२ मध्ये आला.

आता पैशाचं. गेट पास होऊन एमटेकला गेलात तर महिन्याला १२,४०० रुपये, त्या बदल्यात आठवड्याला आठ तास विभागाचं काम. रक्कम तोकडी आहे, पण हॉस्टेल-मेसचा बराचसा भार उचलते. पीएचडीचं चित्र वेगळं. जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या जेआरएफचा दर महिन्याला ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००. आयआयटीतही पीएचडीला साधारण हेच दर. हॉस्टेल मिळालं नाही तर नियमाप्रमाणे घरभाडं. सेमिस्टरची फी यातूनच भरायची असते, पण आयआयटीत अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे. पैसे कधी कधी दोन-तीन महिने उशिरा येतात, म्हणून सुरुवातीचा खर्च हाताशी ठेवा.

आणखी एक गोष्ट कॉलेजात कुणी सांगत नाही. पीएचडीसाठी एमटेक असलंच पाहिजे असं नाही. बीईचे गुण चांगले आणि गेट पास असेल, तर अनेक आयआयटींत थेट पीएचडीला अर्ज करता येतो. प्राध्यापकांच्या प्रकल्पांतही जेआरएफची भरती निघते, तिथंही बीई अधिक गेट चालतं.

संस्थेची फेलोशिप मिळाली नाही तरी वाटा आहेत. बार्टी, सारथी आणि महाज्योती आपापल्या प्रवर्गातल्या पीएचडी करणाऱ्यांना फेलोशिप देतात. कोलाम, गोंड, आंध मुलांसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला ७५० जागा. एका वेळी एकच फेलोशिप घेता येते.

म्हणजे कुलूप एकच, गेट. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत, गुण तीन वर्षं चालतात. तिसऱ्या वर्षालाच देता येते, तेव्हा द्या. २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे आणि त्यात बायोमेकॅनिक्सचा भाग आहे. पण मेकॅनिकलवाल्यानं आपलाच पेपर दिलेला बरा, कारण तो न जमला तर इतर दारं उघडी राहतात. कोणत्या शाखेचा पेपर चालतो ते त्या-त्या विभागाच्या माहितीपत्रकात पाहून घ्या.

मुलाखतीत मात्र गुणांपेक्षा "तू काय केलंस?" हे विचारतात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणू नका. मोबाईलवर वेचणीचा किंवा पंप घेऊन चालण्याचा व्हिडिओ घ्या, अर्थात त्या माणसाला विचारून. 'किनोव्हिया' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाठीचा कोन मोजा. पुढं जायचं तर 'ओपनसिम' आहे, तेही फुकट. हे दहा पानांत नीट लिहिलं, की प्राध्यापकाला ईमेल करायला तुमच्याकडे काहीतरी असतं. शंभर जणांना एकच मजकूर पाठवलात, तर एकही उत्तर येणार नाही.

"फंडेड सीट करून देतो, आधी वीस हजार टाका" म्हणणारे एजंट फिरतात. अशा जागांना एजंट नसतो. जाहिरात संस्थेच्या वेबसाईटवर येते आणि फी फक्त अर्जाची.

पीएचडीच्या जाहिराती बहुतेक मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात. ओबीसी मुलांनी नॉन-क्रीमी लेयरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि १ एप्रिलनंतरचा काढावा. राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथं चालत नाही, आणि तहसीलला त्याला वेळ लागतो.