दूरच्या टोकाचा हिशेब

१९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत एक टिपण छापून आले. लेखक पॅरिसचा नव्हता, ग्रिनिचचाही नव्हता. तो होता तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या बागलकोटचा एक शाळामास्तर, व्यंकटेश बापूजी केतकर. नरगुंदला १८५४ मध्ये जन्मलेल्या केतकरांचे नाव तोवर पंचांगकर्त्यांच्या वर्तुळात 'ज्योतिर्गणित' या ग्रंथामुळे पक्के झाले होते. टिपणात त्यांनी सांगितले की नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत. पहिल्याचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी ३८.९५ खगोलीय एकके, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळजवळ ३९ पट काढले होते. त्याला एका प्रदक्षिणेला लागणारी वर्षे २४२.२८. नावेही सुचवली होती: ब्रह्मा आणि विष्णू.

फेब्रुवारी १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉला प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर ३९.५ एकके, प्रदक्षिणाकाळ २४८ वर्षे. केतकर त्याच वर्षी वारले.

हा किस्सा मराठीत अधूनमधून अभिमानाने सांगितला जातो, आणि आकडे शेजारी ठेवले की अभिमान वाटावा असेच ते आहेत. पण हिशेब पुरा मांडायचा तर थोडे सबुरीने घ्यावे लागते. गुरूच्या तीन उपग्रहांच्या गतींत लाप्लासला जे गणिती नाते आढळले होते, त्याच धर्तीचे नाते केतकरांनी बाहेरच्या ग्रहांत शोधले. प्लूटो त्या नात्यात बसतो हा बराचसा योगायोग म्हणावा लागेल. शिवाय त्यांनी दिले होते ते सरासरी अंतर. प्लूटो सूर्यापासून ३९.५ एककांवर राहत नाही. तो कधी २९.७ एककांपर्यंत आत येतो, नेपच्यूनपेक्षाही जवळ, आणि कधी ४९.३ एककांपर्यंत बाहेर जातो. केप्लरच्या नियमाने प्रदक्षिणाकाळावरून सरासरी अंतर मिळते. कक्षा किती लांबट आहे, म्हणजे दूरचे टोक कुठे आहे, हे त्यातून कळत नाही. ते निरीक्षणातूनच काढावे लागते, आणि गंमत अशी की नेमके त्याच टोकाला वस्तू सर्वांत मंद चालते, सर्वांत फिकट दिसते आणि सर्वाधिक काळ रेंगाळते.

केतकर ज्या परंपरेत वाढले होते, तिच्यात या टोकाला 'मंदोच्च' म्हणतात. अंतर मोजायची साधने नसताना ते सापडत असे गतीवरून. चंद्र रोज ताऱ्यांमधून किती अंश सरकतो ते लिहीत जायचे. जवळ असताना तो दिवसाला १५ अंशांहून थोडा अधिक चालतो, दूर असताना १२ अंशांहून कमी. जिथे गती सर्वांत कमी तिथे चंद्रोच्च. हे चंद्रोच्चही एका जागी थांबत नाही, ते राशिचक्रातून पुढे सरकत राहते. आर्यभटाने एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, त्याच्या ४,८८,२१९ फेऱ्या सांगितल्या. सूर्यसिद्धान्तात ४,८८,२०३ आहेत. भागाकार केला तर एका फेरीला आर्यभटाच्या हिशेबाने ३२३१.९९ दिवस येतात, सूर्यसिद्धान्ताच्या हिशेबाने ३२३२.०९. आजचा आकडा ३२३२.६. जवळजवळ नऊ वर्षांच्या फेरीत अर्ध्या दिवसाची चूक!

याच सूर्यसिद्धान्तात सूर्याच्या मंदोच्चाचा आकडा मात्र सपशेल चुकला आहे. एका कल्पात, म्हणजे ४३२ कोटी वर्षांत, ३८७ फेऱ्या असे तिथे म्हटले आहे. प्रत्यक्ष गती त्याच्या जवळजवळ शंभरपट आहे. एकाच ग्रंथात एवढा फरक का? चंद्रोच्चाची फेरी नऊ वर्षांत पुरी होते, एका निरीक्षकाला आयुष्यात तशा पाच-सहा पाहता येतात. सूर्याच्या मंदोच्चाला ताऱ्यांमधून एक फेरी मारायला एक लाखाहून अधिक वर्षे लागतात. हातात कक्षेचा केवढा तुकडा आहे, यावर दूरच्या टोकाचा आकडा किती भरवशाचा ते ठरते. म्हणून जुने आकडे पुढे पुन्हा पुन्हा सुधारावे लागले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये 'ग्रहलाघव' रचले आणि मराठी मुलखातली पंचांगे पुढे शतकानुशतके त्यावर चालली. १८६० मध्ये केरूनाना छत्र्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापून युरोपीय वेधांवरचे आकडे मराठीत आणले. केतकरांचे काम त्याच्या पुढचे.

चंद्राचे दूरचे टोक नोंदवायला वेधशाळा लागत नाही. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला सिलतरा लागते. स्पंज आयर्न आणि पोलादाच्या कारखान्यांचा हा पट्टा आकाशनिरीक्षणासाठी कोणी निवडणार नाही. पण तिथूनही हे जमते. हवेतली धूळ चंद्राला फिकट करते, लहान करत नाही. चंद्र पुरेसा वर आलेला असताना, झूम कायम ठेवून दर पौर्णिमेला एक फोटो काढावा आणि पडद्यावर त्याचा व्यास मोजावा. वर्षभरात मोठ्यात मोठ्या आणि लहानात लहान बिंबात १४ टक्क्यांच्या आसपास फरक निघतो. चंद्र जवळ येतो तेव्हा पृथ्वीपासून ३,५७,००० किलोमीटरच्या आसपास असतो, दूर जातो तेव्हा ४,०६,००० च्या आसपास.

हा फरक देशाने सहा महिन्यांच्या आत दोनदा पाहिला आहे. २२ जुलै २००९ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी चंद्र जवळच्या टोकाशी होता आणि पृथ्वी सूर्यापासून दूरच्या टोकाशी. सूर्यबिंब लहान, चंद्रबिंब मोठे, त्यामुळे खग्रास स्थिती एका ठिकाणी साडेसहा मिनिटांहून अधिक टिकली. (सुरतेपासून पाटण्यापर्यंत पट्टा भारतातून गेला खरा, पण पावसाळ्याने अनेकांना काही दिसू दिले नाही.) १५ जानेवारी २०१० ला सगळे उलटे झाले. चंद्र दूर, सूर्य जवळ. कन्याकुमारी आणि रामेश्वरमवरून गेलेल्या त्या ग्रहणात चंद्र सूर्याला झाकू शकला नाही, सूर्याची कडी दिसली. समुद्रावर एका ठिकाणी ती ११ मिनिटे ८ सेकंद टिकली. या सहस्रकातले हे सर्वांत लांब कंकणाकृती ग्रहण.

उपग्रहांच्या बाबतीत दूरचे टोक माणूसच घडवतो. ५ नोव्हेंबर २०१३ ला मंगळयान निघाले, तेव्हा पीएसएलव्हीने त्याला दूरच्या टोकाला फक्त २३,५५० किलोमीटर उंचीपर्यंत नेले. पुढचे काम यानाच्या स्वतःच्या इंजिनाचे. ते पेटवायचे पृथ्वीच्या जवळ असताना, आणि वाढायचे पलीकडचे टोक. झोपाळ्याला धक्का खाली असताना द्यावा आणि उंची टोकाला मिळावी, तसे. इस्रोच्या नोंदीतले आकडे पाहण्यासारखे आहेत: २८,८२५, मग ४०,१८६, मग ७१,६३६ किलोमीटर. ११ नोव्हेंबरला लक्ष्य एक लाखाचे होते. पण इंधनाच्या झडपेची मुख्य आणि राखीव वेटोळी एकाच वेळी चालवून पाहताना इंधनाचा प्रवाह थांबला. सेकंदाला १३० मीटर वेग वाढायचा तो ३५ मीटरच वाढला आणि टोक ७८,२७६ वर अडले. दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा पेटवून ते १,१८,६४२ वर नेले, १६ तारखेला १,९२,८७४ वर. मंगळाभोवतीची कक्षाही मुद्दाम लांबट ठेवली होती. जवळचे टोक ४२२ किलोमीटर, दूरचे ७७,००० च्या आसपास. मंगळाचे अख्खे बिंब एका चित्रात बसवायचे तर दूर जाणे भाग होते, आणि मंगळयानाची ती चित्रे तिथूनच आली. शिवाय कक्षा गोल करायला जास्त इंधन लागले असते. यानाकडे ते फार नव्हते.

यानाचा पत्ता रेडिओवर लागतो. धूमकेतूचा तसा लागत नाही. हॅलेचा धूमकेतू ९ डिसेंबर २०२३ ला दूरच्या टोकाला पोचला, सूर्यापासून ३५ एककांवर, सुमारे ५२६ कोटी किलोमीटर. तिथे त्याचा वेग सेकंदाला एक किलोमीटरहूनही कमी होता. १९८६ मध्ये सूर्याजवळून गेला तेव्हा हाच वेग ५४ किलोमीटर होता. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींनी त्याला २००३ मध्ये २८ एककांवर टिपले होते. टोकावरची तारीख मात्र निव्वळ गणिताची आहे. पण तिच्यावर शंका कोणी घेत नाही, कारण या धूमकेतूच्या दोन हजार वर्षांहून जुन्या नोंदी आहेत.

प्लूटोचे तसे नाही. सापडल्यापासून त्याची अर्धी फेरीही झालेली नाही. आकाशाच्या जुन्या छायाचित्रांच्या काचांवर त्याचे ठिपके नंतर सापडले, त्यातला एक १९०९ चा, म्हणजे केतकरांच्या टिपणाच्याही आधीचा. ते धरूनही तुकडा अर्ध्यापेक्षा कमीच. १९८९ मध्ये तो सूर्याला सर्वांत जवळ होता, दूरच्या टोकाला तो २११४ च्या सुमारास जाईल. तरीही ४९.३ हा आकडा पक्का मानतात, कारण मोजमाप आता फार बारीक झाले आहे आणि २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान त्याच्या जवळून गेले.

२००३ मध्ये सापडलेल्या सेडनाच्या बाबतीत हा भरवसा पातळ होतो. तिचे जवळचे टोक ७६ एककांवर, एका प्रदक्षिणेला सुमारे ११,००० वर्षे आणि दूरचे टोक ९०० एककांच्याही पलीकडे. नक्की किती, हे कक्षा सूर्याभोवती मोजता की गुरू-शनीसह सगळ्या ग्रहमालेच्या वस्तुमानकेंद्राभोवती, यावरही अवलंबून राहते. सेडना २०७६ च्या सुमारास सूर्याला सर्वांत जवळ येईल आणि मग परत फिरेल. तोवर निरीक्षकांच्या हाती तिच्या कक्षेचा शतकाहूनही लहान तुकडा असेल, आणि दूरच्या टोकाचा आकडा त्या तुकड्यावरूनच पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागेल.