बुरशीपासून दुग्धाम्ल

पेटीत राहून गेलेल्या द्राक्षांच्या घडावर कापसासारखी बुरशी चढते आणि दोन-चार दिवसांत तिच्यावर काळे ठिपके उठतात, हे दिंडोरीच्या बागाइतदारांस सांगावयास नको. ह्या बुरशीच्या कुळास ऱ्हायझोपस म्हणतात. त्याच कुळातील ऱ्हायझोपस ओरायझी ही जात साखरेपासून दुग्धाम्ल तयार करते.

दह्यास आंबटपणा आणणारे आम्ल ते दुग्धाम्ल. स्वीडनमधील रसायनज्ञ शेले यांनी १७८० साली ते आंबलेल्या दुधातून वेगळे काढले. आज ते खाद्यपदार्थांत, कातडी कमावण्यात व प्लास्टिकाचा एक प्रकार बनविण्यात लागते.

दह्यातील जंतूही हे काम करतात. पण त्यांस साखरेखेरीज पौष्टिक खुराक द्यावा लागतो. बुरशी साध्या क्षारांवर वाढते व धान्यातील पिष्टही स्वतःच फोडते. मात्र तिला हवा भरपूर हवी. हवा कमी पडली, की साखरेची दारू होऊ लागते.

दुसरी अडचण आम्लाचीच. ते साचले म्हणजे बुरशी मंदावते. म्हणून चुनखडी घालून ते निवळावे लागते. पुढे गंधकाम्ल घालून दुग्धाम्ल मोकळे करतात व जिप्सम खाली बसते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १०० किलो दुग्धाम्लामागे सुमारे ५५ किलो चुनखडी व ५४ किलो गंधकाम्ल लागते आणि ९५ किलो जिप्सम उरते. १०० किलो द्राक्षशर्करेपासून फार तर १०० किलो आम्ल मिळावयाचे. बुरशीकडून प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळते.

आपल्या तालुक्यात कादवा सहकारी साखर कारखाना आहे, तेव्हा उसाच्या रसाचे असे काही करावे, हा विचार कोणाच्याही मनात येईल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उसाच्या साखरेपासून दुग्धाम्ल करण्याचे प्रयोग झाले आहेत. ते मात्र जंतूंच्या साहाय्याने. गुऱ्हाळाच्या काहिलीत बुरशी सोडून हे साधणारे नाही. हे कारखान्याचे काम आहे.

म्हणून अशा उद्योगासाठी कोणी भागभांडवल मागावयास आल्यास आम्ही वाचकांस तीन प्रश्न विचारावयास सुचवितो: साखर कोणत्या भावाने धरली आहे? हवा खेळविण्यास वीज किती लागेल? आणि आम्लाच्या जवळजवळ भारोभार निघणारे जिप्सम कोठे जाईल? चोपण जमिनीस जिप्सम उपयोगी खरे. परंतु त्याचा वाहतूकखर्च कोण सोसणार, हेही कागदावर असावे. ह्यांची उत्तरे आकड्यांत मिळेपर्यंत पैसा गाठीसच ठेवावा, हे बरे.