४३ अंशांवरची भाजी

४३ अंश. मे महिन्यात यवतमाळात पारा याच आकड्याच्या आसपास रेंगाळतो. आणि पंगतीतल्या विषबाधेला अनेकदा कारण ठरणारा क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जीवाणू सर्वांत झपाट्यानं वाढतो तोही ४३ ते ४५ अंशांना. पोषक वातावरण मिळालं की साधारण दर १० मिनिटांनी तो दुप्पट होतो.

हिशेब करून बघा. एक ग्रॅम भाजीत १० जीवाणू धरले, तर तासाभरात ६४०, दोन तासांत ४०,९६० आणि तिसरा तास संपताना २६ लाखांवर. प्रत्यक्ष भाजीत सुरुवात थोडी संथ असते, एवढाच काय तो दिलासा. ग्रॅममागे १० लाख झाले की माणूस आजारी पडू शकतो.

पण भाजी तर खदखदून उकळली होती ना? हाच प्रश्न ब्रिटनमधल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बेटी हॉब्स यांनी हाती घेतला. १९५३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की या जीवाणूचे काही बीजाणू तासभर उकळूनही मरत नाहीत. उलट उकळीनं त्यांचे प्रतिस्पर्धी मरतात, भाजीतला प्राणवायू निघून जातो, आणि या जीवाणूला तर प्राणवायू नकोच असतो.

आता लग्नघरचा गंज डोळ्यांपुढे आणा. सकाळी नऊला आलू-वांग्याची भाजी उतरवली, वर झाकण. वरात रेंगाळते, पंगत दोनला बसते. डिसेंबरात गंज थंड होता होता ४५ अंशांच्या खाली जातो आणि पुढे उतरतच राहतो. मे महिन्यात मात्र तो ४३ वरच अडकतो, कारण भोवतालची हवाच तेवढी तापलेली असते. मला यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच वाटते.

आचाऱ्यानं चाखून पाहिलं तरी काही कळत नाही. चव बदलत नाही, वासही येत नाही. पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात ते ६ ते २४ तासांनी, म्हणजे बहुतेकदा पाहुणे आपापल्या गावी पोचल्यावर. दिवसभरात बहुतेक जण बरे होतात. लहान लेकरं आणि म्हातारी माणसं मात्र अंगातलं पाणी कमी होऊन खचतात.

एका स्वयंपाकाचा फटका किती जणांना बसतो, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात दिसलं. लोहा तालुक्यात महाप्रसादानंतर सुमारे २,००० लोकांना त्रास झाला. तिथला पदार्थ वेगळा होता, पण एकाच स्वयंपाकातून जेवणाऱ्यांची गर्दी तीच.

म्हणून वधूपित्यांना आणि आचाऱ्यांना कळकळीची विनंती: भाजी उशिरा उतरवा. पंगतीला वेळ असेल तर गंजाखाली निखारे राहू द्या, भाजी ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. उरलेली भाजी गंजातच झाकून ठेवू नका. पसरट परातींत काढून लगेच थंड करा. आणि मुहूर्त लांबला, तर आधी आचाऱ्याला कळवा.