मातीची भट्टी आणि शेणाची बचत

वऱ्हाडांत रोडग्यांचा बेत ठरला कीं प्रथम गोवऱ्यांचा ढीग रचला जातो. पंगतीला रंग चढतो खरा; परंतु त्या विस्तवांत शेतीच्या खताचा एक भाग जळून जातो, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. शेणांतील नत्र व सेंद्रिय अंश धुरावाटे निघून जातात आणि मागें केवळ राख उरते. उलट पऱ्हाट्या व तुराट्या बांधावर पडून असतात. हें पाहून नांदुऱ्यास आमच्या मळ्यांत काडीकचऱ्यावर चालणारी भट्टी आम्हीं बांधली. तिचा अनुभव वाचकांपुढें ठेवितों.

पहिला प्रयत्न फसला. ज्या काळ्या मातींत आमचा कापूस पिकतो, तीच मळून आम्हीं घुमट उभा केला. तो वाळतां वाळतां भेगाळला व पहिल्याच जाळांत ढासळला. दोष मातीचा नव्हे, आमच्या समजुतीचा होता. काळी माती ओल मिळतांच फुगते व वाळतांच आकसते. उन्हाळ्यांतील शेताच्या भेगा आपण दरवर्षीं पाहतों. भिंतींसाठीं आपले वाडवडील पांढरी माती आणीत, त्यांत हेंच शहाणपण होतें.

दुसऱ्या खेपेस एक भाग पांढरी माती व दोन भाग जाड वाळू घेतली. प्रमाण ठरविण्यासाठीं लिंबाएवढा गोळा सावलींत वाळवावा. भेग पडल्यास वाळू वाढवावी, चुरा झाल्यास माती.

जागा गंजीपासून व गोठ्यापासून दूर असावी. दोन फूट उंचीचा ओटा बांधून त्यावर वाळूचा थर द्यावा व भाजक्या विटा फटी न ठेवितां बसवाव्या. त्यांवर ओल्या वाळूचा २७ इंच रुंद व १६ इंच उंच ढीग करून तो भिजल्या कागदानें झांकावा आणि वर चार इंच जाडीचा मातीचा लेप चढवावा. लेप घट्ट झाला कीं १० इंच उंचीचें तोंड कापून आंतील वाळू काढून घ्यावी. तोंडाची उंची घुमटाच्या पांच-अष्टमांश असावी. कमी झाल्यास जाळ गुदमरतो, अधिक झाल्यास ऊब निघून जाते. शेवटीं गव्हाचें कुटार कालविलेल्या मातीचा दुसरा थर द्यावा. तो ऊब आंत धरून ठेवितो. भट्टी पुरती वाळेपर्यंत रोज लहानसाच जाळ करावा, आणि पावसाळ्यापूर्वीं वर पत्र्याचें छप्पर घालावें.

भाजण्यापूर्वीं सुमारें दोन तास जाळ करावा. घुमटाला आंतून धरलेली काजळी जळून गेली म्हणजे भट्टी तापली असें समजावें. मग निखारे ओढून, बूड ओल्या फडक्यानें पुसून, चिमूटभर पीठ टाकावें. तें लगेच काळें पडल्यास थांबावें. सावकाश तांबूस झाल्यास रोडगे व बट्ट्या लावून तोंड भिजविलेल्या फळीनें बंद करावें. गोव्यांतील पोदेर घुमटाच्या भट्टींत पिढ्यान्‌पिढ्या पाव भाजीत आले, तें याच साठविलेल्या उबेवर. मागाहून उरलेल्या उबेंत शेंगदाणे भाजतां येतात.

यांत दुसराही लाभ आहे. सन २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कापसाचें फार नुकसान केलें. ही अळी पऱ्हाट्यांवर राहिलेल्या बोंडांत दडून राहते. म्हणून बोंडें आधीं वेगळीं काढून जाळावीं व पऱ्हाट्या पावसाळ्यापूर्वींच भट्टींत संपवाव्या. राख मात्र पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांतील शेतांत टाकूं नये. त्या जमिनींत क्षार आधींच फार आहेत.

भट्टींतल्या रोडग्यांस गोवरीचा वास येत नाहीं, अशी आमच्या घरांतील वडील मंडळींची तक्रार आहे, व ती खरी आहे. सणावारीं त्यांच्यासाठीं गोवऱ्यांचा एक लहानसा विस्तव अवश्य करावा. एरवीं शेणाची वाट उकिरड्यावरून शेताकडेच जावी.