ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी

बैल जुंपण्याआधी जुनी माणसे त्याचा खांदा चाचपून पाहत. ट्रॅक्टरची मात्र बसल्याबरोबर किल्ली फिरवतात!

ट्रॅक्टर सपाट जागी असावा. इंजिन थंड असतानाच तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. रेडिएटरचे झाकणही थंडपणीच उघडायचे, नाहीतर उकळते पाणी तोंडावर उडते.

मग आसनावर बसावे. गिअर न्यूट्रलमध्ये, पीटीओचा दांडा बंद, ब्रेक लावलेला, क्लच पुरता दाबलेला. मडगार्डवर मुले चढली असतील तर आधी उतरवावीत. गुरुजींनी हे शाळेतही सांगावे. किल्ली 10-15 सेकंदांहून अधिक धरू नये. स्टार्टर तापतो.

आता खरी धोक्याची गोष्ट. किल्लीचा स्विच बिघडला की काहीजण खाली उभे राहून स्क्रूड्रायव्हर स्टार्टरच्या दोन टोकांना टेकवतात. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये म्हणून पुष्कळ ट्रॅक्टरांना वेगळा स्विच असतो, तो यात चुकवला जातो. गिअर पडलेला असला तर गाडी एकदम पुढे निघते, आणि माणूस उभा असतो नेमका मागच्या मोठ्या चाकापुढे. बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ‘आम्ही रोज असेच लावतो’ म्हणणारे भेटतात. रोज गिअर न्यूट्रलमध्ये होता, एवढाच त्याचा अर्थ.

स्विच मिस्त्रीकडून बदलून घ्यावा. त्यापायी एका दिवसाची नांगरट राहिली तर राहू द्या.